महाप्रसाद, डबा पार्टी आणि अन्नाची अ‍ॅलर्जी: यजमानाने काय काय बघायचं

शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला वर्षातला सगळ्यात अवघड जाणारा दिवस म्हणजे आषाढी एकादशी. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट, वड्यात कूट, भगरीबरोबर दाण्याची आमटी, काकडीच्या कोशिंबिरीत पुन्हा कूट आणि गोड म्हणून दाण्याचा लाडू. एखादा पदार्थ टाळून भागत नाही, अख्खं ताटच बाद होतं. आणि तरीही यजमानाला विचारा, 'यात शेंगदाणे आहेत का हो?' उत्तर येईल, 'छे, साधी काकडीची कोशिंबीर आहे.' तो खोटं बोलत नसतो. कूट आपल्याकडे मिठासारखं पडतं, घातल्याचं कुणाच्या लक्षातही राहत नाही.

खाली लिहिलंय ते अशा जेवणांसाठी, जिथे स्वयंपाक एकजण करतो, वाढतो दुसरा आणि जेवायला शंभर-दीडशे माणसं असतात: सोसायटीच्या गणपतीचा महाप्रसाद, सत्यनारायण, ऑफिसातली डबा पार्टी, पोरांचे वाढदिवस. घरी ज्याचं पथ्य नीट सांभाळलं जातं, तो अशाच ठिकाणी फसतो. पथ्य त्याने पाळायचं हे खरंच, पण टोपात काय पडलंय हे त्याला दिसत नाही. ते ज्यांना दिसतं त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी विचारा, पण ग्रुपवर नाही

जेवणाच्या चार-पाच दिवस आधी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज टाका. साधारण असा:

'नमस्कार. रविवारी महाप्रसादाचं जेवण आहे. घरात कुणाला खाण्यातल्या कशाची अ‍ॅलर्जी असेल (शेंगदाणा, काजू-बदाम, तीळ, दूध, गहू, अंडं, सोया, मासे किंवा आणखी काहीही), तर गुरुवार संध्याकाळपर्यंत मला वेगळा मेसेज करा. ग्रुपवर लिहायची गरज नाही. त्रास काय होतो, सोबत औषध असतं का, आणि घरातून जेवायला कोण कोण येणार, एवढं कळवा. पाहुणे येणार असतील तर त्यांनाही विचारून घ्या.'

'वेगळा मेसेज' हे मुद्दाम लिहायचं. घरात लग्नाचा मुलगा किंवा मुलगी असेल तर आपले लोक चारचौघांत साधा दमाही कबूल करत नाहीत. ग्रुपवर विचारलंत तर सगळीकडे अळीमिळी गुपचिळी, आणि ऐन पंगतीत कुणीतरी हळूच येऊन सांगणार.

उत्तरं आली की त्यात तीन प्रकार निघतील. काहींना एखादी गोष्ट आवडत नाही. काहींना पचत नाही, म्हणजे दूध प्यायलं की पोट फुगतं, जुलाब होतात. हा दुधातली साखर न पचण्याचा त्रास, हाल होतात पण जिवावर बेतत नाही. तिसरा प्रकार खऱ्या अ‍ॅलर्जीचा. दुधातल्या प्रथिनावर शरीर तुटून पडतं आणि तिथे चमचाभर पंचामृतही पुरतं. कोण कुठल्या प्रकारात बसतो हे ठरवायला यजमानाने बसू नये. कुणी अ‍ॅलर्जी आहे म्हणाला की आहे, असं धरून चालायचं.

ज्यांना स्वतःलाच नक्की माहीत नाही त्यांनी अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे जावं. आधी काय खाल्लं, किती वेळाने काय झालं ही हकीकत, मग त्वचेवरची प्रिक टेस्ट किंवा रक्तातल्या आयजीईची (अॅलर्जीशी संबंध असलेल्या प्रतिद्रव्याची) तपासणी, आणि गरज पडली तर हॉस्पिटलमध्ये देखरेखीखाली थोडं थोडं खाऊ घालून बघणं, असा तो मार्ग आहे. दोनशे पदार्थांची आयजीजी (दुसऱ्याच एका प्रतिद्रव्याची) तपासणी सवलतीत करून देणाऱ्या पॅकेजांवर पैसे घालवू नका, अन्नाची अ‍ॅलर्जी त्यातून कळत नाही.

मेनू उलगडून बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. पदार्थाच्या नावावर जाऊ नका. वाटण, मसाला, फोडणी आणि वरून पेरलेलं असं एकेक सोडवून बघा.

शेंगदाणा पहिला, कारण तो सगळीकडे आहे. अळूच्या पातळ भाजीत दाणे, भरल्या वांग्यात कूट, वडापावच्या लसणीच्या सुक्या चटणीत बऱ्याचदा दाणे, चिवड्यात, भेळेत, ठेच्यात. तेलाचं वेगळंच प्रकरण. रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत, पण हल्ली हौसेने आणलं जाणारं घाण्याचं तेल तसं नसतं, त्यात ती शिल्लक राहतात. कुठलं चालेल याची चर्चा यजमानाने करूच नये, त्या दिवशी सरळ सूर्यफुलाचं तेल आणावं.

तिळाकडे कुणाचंच लक्ष जात नाही. संक्रांतीचा तिळगूळ दिसतो, म्हणून टाळता येतो. गोड्या मसाल्यातला तीळ दिसत नाही. आमटी, मसालेभात, भरली वांगी, जिथे जिथे गोडा मसाला तिथे तिथे तीळ. कांदा-लसूण मसाल्यातही बहुधा असतो. अळूवडीच्या फोडणीत आणि बाजरीच्या भाकरीवर निदान तो डोळ्यांना दिसतो तरी.

काजूने आपल्या लग्नकार्यांतल्या सगळ्या पांढऱ्या-पिवळ्या ग्रेव्ह्या व्यापल्यात. ज्याला काजूची अ‍ॅलर्जी त्याला पिस्त्याचीही असण्याची शक्यता मोठी, कारण दोन्हींतली प्रथिनं सारखी आहेत. बासुंदीवरची चारोळीही काजूच्याच कुळातली, त्यामुळे तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढू नये. शेंगदाणा मात्र शेंगवर्गातला. म्हणून एकाला शेंगदाणा चालत नाही पण बदाम चालतो, दुसऱ्याचं नेमकं उलटं, असं होऊ शकतं.

दूध म्हणजे नुसतं दूध नाही. प्रसादाचा शिरा, खव्याचे मोदक, मठ्ठा, वरणावरची तुपाची धार. तूप कढवलं तरी प्रथिनांचा अंश त्यात राहतो. बिनअंड्याच्या केकमध्ये अंड्याऐवजी बहुधा कंडेन्स्ड मिल्क असतं, त्यामुळे अंडं न चालणाऱ्या मुलासाठी आणलेला केक दूध न चालणाऱ्याला भलताच महागात पडतो.

गव्हाचं एक चोरटं ठिकाण हिंग. बाजारातला डबीतला हिंग शुद्ध नसतो, त्यात डिंक आणि पीठ असतं आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. म्हणजे 'नुसता वरणभात दे' म्हटलं तरी फोडणीतून गहू आलाच. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, डबी वाचून घ्यावा.

डाळी आणि बेसन सगळ्यांना चालतं असं आपण गृहीत धरतो. हरभऱ्याची अ‍ॅलर्जी असते आणि भारतात ती चांगलीच नोंदली गेली आहे. बटाटेवडा, भजी, अळूवडी, बेसनाचा लाडू, सगळं एका दमात बाद.

आणि मासे. गणपतीत प्रश्न नाही, पण गटारीला किंवा ऑफिसच्या पार्टीत असतो. कोळंबी न चालणाऱ्याला जवळा आणि सोडेही चालत नाहीत, आणि सोडे कुठल्या भाजीत निघतील सांगता येत नाही, वांग्यात घालतात, वालात घालतात. कोळंबी शिजताना उठणाऱ्या वाफेनेसुद्धा काहींना दम लागतो, म्हणून अशा पाहुण्याला स्वयंपाकघरात गप्पा मारायला बोलावू नका. जाता जाता आणखी एक. बांगडा खाऊन एकाच वेळी चौघा-पाचजणांचे चेहरे लाल झाले, डोकं ठणकायला लागलं, तर ती अ‍ॅलर्जी नसून बर्फाशिवाय पडून राहिलेल्या माशात तयार झालेल्या हिस्टामीन नावाच्या द्रव्याची बाधा असू शकते. तशा माशाचा वास आणि चव नेहमीसारखी लागते आणि तो शिजवूनही सुधारत नाही.

आचाऱ्याशी बोलताना

'यात अमुक आहे का' असं विचारलं की 'नाही' हे उत्तर तयार असतं. त्याऐवजी कृती विचारा. बोलणं साधारण असं होतं:

'अळूची भाजी कशी करता, मामा?'
'अळू, चणाडाळ, दाणे, खोबऱ्याचे काप, चिंच-गूळ. वरून फोडणी.'
'दाण्यांशिवाय होईल?'
'होईल की. तुमच्या माणसापुरती आधी बाजूला काढतो.'
'बाजूला नको, अख्ख्या टोपातच नको.'
'बरं. मग काजू टाकतो.'

हे शेवटचं वाक्य नीट ऐका. आचारी मनापासून मदत करत असतो, आणि एक अ‍ॅलर्जी टाळताना दुसरी टोपात पडते. म्हणून काय नको एवढंच सांगून थांबू नका, 'बदल्यात काहीच घालायचं नाही, आणि ऐनवेळी काही संपलं तर मला फोन करा' हेही सांगा. यादी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्वयंपाकाच्या जागी चिकटवा, आणि मदतीला येणाऱ्या पोरांची भाषा हिंदी असेल तर हिंदीतही लिहा. मुख्य आचारी सांगितलेलं विसरत नाही. कोथिंबीर-कूट भुरभुरवणारा पोऱ्या सकाळी त्या बोलण्याला हजरच नसतो.

एका माणसासाठी वेगळं ताट करावं की सगळ्यांचाच पदार्थ बदलावा? माझं मत सरळ आहे. दोन-तीन पदार्थ असे ठेवा की ते यादीतल्या प्रत्येकाला चालतील, आणि ते सगळ्यांनाच वाढा. वेगळ्या ताटात जेवणारं मूल सगळ्यांच्या नजरेत येतं, आणि वेगळं ठेवलेलं ताट गडबडीत कुणीतरी दुसराच उचलतो. कोशिंबिरीत कूट नसलं तर दीडशे माणसांतल्या एकानेही तक्रार केल्याचं मी ऐकलेलं नाही. यादी मोठी असेल आणि एकही पदार्थ सगळ्यांना जमत नसेल, तर मात्र तसं आधीच कळवून टाकावं आणि त्या घराला स्वतःचा डबा आणायला सांगावं. त्यात कमीपणा कुणालाच नाही.

तळणीचा क्रम आधी ठरवा. साबुदाणा वडे निघालेल्या तेलात पापड तळले की पापडाला दाणा लागलाच, उकळत्या तेलाने अ‍ॅलर्जीचा गुण जात नाही. सगळ्यांना चालणारं आधी, ताज्या तेलात. बाकीचं नंतर.

मांडणी आणि वाढप

पंगत असो की बुफे, घोटाळा वाढायच्या डावाने होतो. कोशिंबिरीचा चमचा भाजीत जातो, भाजीचा वरणात. बुफेत चटण्या आणि वरून पेरायच्या गोष्टी टेबलाच्या अगदी टोकाला, वेगळ्या ताटात ठेवा. सगळ्यांना चालणारे पदार्थ पहिल्या टोकाला. त्या टोपांच्या डावांना लाल दोरा बांधा म्हणजे वाढप्याला बोलून दाखवावं लागत नाही. पाट्यांवर नुसतं 'भरली वांगी' लिहू नका, खाली 'दाणे, तीळ, खोबरं' हेही लिहा.

पंगतीत ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याला ओळीच्या सुरुवातीला बसवा आणि टोपाचं झाकण उघडल्यावर पहिलं त्याच्या ताटात वाढा. शेजारच्याचं पान खेटून असतं, तिथली चटणी इकडे यायला वेळ लागत नाही, म्हणून कडेची जागा. दुसऱ्या फेरीला वाढप्याने त्याला परस्पर वाढू नये. यजमानांपैकी एकाने त्याच टोपातून, त्याच डावाने वाढावं.

हात साबण-पाण्याने धुवायचे. सॅनिटायझरने जंतू मरतात, हातावरचा शेंगदाणा तिथेच राहतो. वाढप्यांचे हातमोजेही तसेच, सकाळी चढवलेला मोजा दुपारपर्यंत सगळ्या टोपांतून फिरून आलेला असतो.

आग्रह आणि प्रसाद

'एवढ्याशाने काय होतंय', 'देवाचा प्रसाद आहे, त्याने काही होत नाही', 'आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं.' बोलणाऱ्याच्या मनात माया असते, आणि समोरचा भिडेखातर घास घेतो. हे थांबवायचं काम यजमानाचं आहे, कारण पाहुणा ते करू शकत नाही. सोसायटीतल्या ज्या आजींचा शब्द चालतो त्यांना आधीच सगळं समजावून सांगा. त्या एकदा 'त्याला आग्रह करू नका गं' म्हणाल्या की पुढची अर्धी लढाई संपते.

प्रसाद नाकारणं लोकांना जड जातं. त्याला सोपी वाट आहे: शिऱ्याच्या पातेल्याशेजारी केळी आणि खडीसाखर वेगळ्या तबकात ठेवा, तोही प्रसादच. पंचामृत हातावर घेण्याऐवजी द्रोणात घेऊन घरच्या माणसाकडे देता येतं.

ऑफिसात हाच आग्रह डब्यांच्या रूपाने येतो. माझी भाजी तुला, तुझी उसळ मला, आणि एकच चमचा चार डब्यांत. अ‍ॅलर्जी असलेल्याने आपला डबा सगळ्यांच्या आधी उघडावा, आपला चमचा आपल्यापाशी ठेवावा. लोकलच्या डब्यात वाढदिवसाचा केक फिरतो तेव्हा तर खोक्यावरची यादी वाचायलाही जागा नसते, तिथे हात जोडून नाही म्हणावं.

पाकीट आणि लेबल

भारतात २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे पाकिटावर हे घटक अ‍ॅलर्जीसाठी वेगळे सांगावे लागतात: ग्लुटेन (गव्हासारख्या धान्यातलं प्रथिन) असलेली धान्यं, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जीव, दूध, अंडं, मासे, शेंगदाणा, काजू-बदामासारखा सुका मेवा, सोया आणि ठरावीक प्रमाणापुढचं सल्फाइट (पदार्थ टिकावा म्हणून घालतात ते रसायन). तीळ, मोहरी, हरभरा आणि तिसऱ्या-कालवं या यादीत नाहीत. त्यामुळे तिळाची अ‍ॅलर्जी असेल तर ही वेगळी सांगितलेली ओळ वाचून भागत नाही, घटकांची पूर्ण यादी वाचावी लागते. हिरव्या ठिपक्याचा अर्थ शाकाहारी एवढाच, अ‍ॅलर्जीशी त्याचा संबंध नाही. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांनी अ‍ॅलर्जीची माहिती देणं बंधनकारक आहे, तिथे ती मागून घ्या. वजनावर मिळणाऱ्या फरसाणाला मात्र लेबलच नसतं, आणि दुकानदार सगळ्या परातींत एकच पळी फिरवतो. यादीतल्यांसाठी सुटं फरसाण आणूच नका.

त्रास सुरू झाला तर

बहुतेक वेळा काही मिनिटांत सुरुवात होते, कधी दोन तासांपर्यंत. ओठ सुजतात, अंगावर पित्ताच्या गांध्या उठतात, उलटी होते, आवाज बसतो, सुका खोकला सुटतो, धाप लागते, गरगरतं. लहान मूल 'जिभेवर केस आलाय', 'घशात टोचतंय' असं काहीतरी सांगतं किंवा एकदम गप्प होऊन कोपऱ्यात जाऊन बसतं. नुसत्या गांध्या असतील तर डॉक्टरांनी सांगितलेली गोळी द्या आणि माणसाला एकटं सोडू नका. गांध्यांबरोबर श्वास, आवाज, वारंवार उलटी किंवा भोवळ यांतलं काहीही असेल, तर ही तीव्र रिअ‍ॅक्शन आहे. अ‍ॅलर्जीचा पदार्थ पोटात गेल्याचं माहीत असेल आणि त्वचेवर काहीच न उठता नुसती धाप लागली, तरीही.

आपल्याकडे अशा वेळी आमसुलाचं पाणी चोळतात, सोलकढी पाजतात, 'जरा पड, बरं वाटेल' म्हणतात. तीव्र रिअ‍ॅक्शनमध्ये यातलं काहीही उपयोगाचं नाही, आणि यात गेलेली दहा मिनिटं परत मिळत नाहीत. सेट्रिझिनच्या साध्या गोळीने खाज कमी होते, सुजलेला घसा आणि खाली आलेलं ब्लड प्रेशर सुधारत नाही. दम्याचा पंपही एकटा पुरत नाही. औषध एकच, अ‍ॅड्रेनलिन, आणि ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर, स्नायूत द्यायचं.

परदेशात पेनासारखं तयार इंजेक्शन सर्रास मिळतं, आपल्याकडे ते सहज मिळत नाही. त्यामुळे बरेच डॉक्टर अ‍ॅम्प्यूल (औषधाची काचेची कुपी) आणि सिरिंज सोबत ठेवायला सांगतात, डोस लिहून देतात आणि भरायचं कसं, टोचायचं कसं हे शिकवतात. ज्याच्याकडे असं किट आहे त्याची पिशवी जेवणाच्या वेळी कुठे असते आणि ते कुणाला देता येतं, हे यजमानाला आधी माहीत हवं. पिशवी सहाव्या मजल्यावर आणि माणूस खाली मंडपात, अशी वेळ येऊ देऊ नका. सोसायटीत डॉक्टर किंवा नर्स राहत असतील तर त्यांनाही आधी सांगून ठेवा.

किट असेल तर इंजेक्शन लगेच, त्याच वेळी दुसऱ्याने १०८ लावायचा. माणसाला आडवं निजवा, पाय उचलून धरा. धाप लागत असेल तर टेकून बसवा, उलटी होत असेल तर कुशीवर. उभं करायचं नाही, चालवायचं नाही, जिना उतरवायचा नाही. उभं राहताच रक्तदाब कोसळू शकतो. लिफ्ट नसलेल्या इमारतीत किंवा चाळीत खुर्चीवर उचलूनही नेऊ नका, चादरीच्या झोळीत आडवं न्या. पाच ते पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस लागू शकतो, तोही डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेला असावा.

मुंबईत यात आणखी एक भर असते. गणपतीत गल्लीच्या तोंडावर मंडप असतो, विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद असतात. अ‍ॅम्ब्युलन्स कुठल्या फाटकातून आत येईल, बांबूचा अडसर कोण काढेल, आणि यायला उशीर लागणार असं दिसलं तर कुणाची गाडी कुठल्या वाटेने निघेल, हे जेवणाआधी ठरवा. चोवीस तास इमर्जन्सी असलेलं जवळचं हॉस्पिटल शोधून ठेवा, केईएम, सायन, नायर, कूपर किंवा तुमच्या भागातलं दुसरं कुठलंही. दवाखाना नव्हे, हॉस्पिटल. आणि जेवून लगेच लेझीम खेळायला किंवा नाचायला जाणाऱ्यांवर लक्ष ठेवा. अंगमेहनत, दारू किंवा वेदनाशामक गोळी यांनी एरवी सोसवणारी रिअ‍ॅक्शनही चिघळते.

इंजेक्शनने बरं वाटलं तरी हॉस्पिटलला जायचंच. काही तासांनी, नव्याने काहीही न खाता, त्रास पुन्हा उलटू शकतो, म्हणून डॉक्टर थांबवून ठेवतात. जाताना काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, इंजेक्शन कधी दिलं हे कागदावर लिहून द्या आणि संशय असलेल्या पदार्थाचं पाकीट सोबत न्या.

जेवणं उरकल्यावर

उरलेलं अन्न एका टोपात ओतू नका. सांभाळून वेगळं ठेवलेलं वरण शेवटच्या दहा मिनिटांत भाजीच्या डावाने ढवळलं जातं आणि डब्यांत भरून घरोघरी जातं, तेव्हा पाट्याही गेलेल्या असतात. प्रत्येक डब्यावर पदार्थाचं नाव आणि त्यातले दाणे-तीळ-काजू लिहून चिकटवा. मसाल्यांची आणि हिंगाची रिकामी पाकिटं दुसऱ्या दिवसापर्यंत टाकू नका.

आणि हे डबे जातात कुणाकडे ते बघा. वॉचमन, झाडूवाल्या मावशी, मंडपवाल्याची पोरं. तो ग्रुपवरचा मेसेज यांच्यापर्यंत पोचलेलाच नसतो. डबा हातात देताना त्यांनाही विचारा, तुम्हाला किंवा घरात पोरांना कशाचा त्रास होतो का.